सहा सेलांवरचा गेम

भूम गावातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा धूर माझ्या नाकात गेला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतली एक दुपार लख्ख आठवली. मामानं त्याचा जुना, टीव्हीला जोडायचा गेम आम्हा बहिणींना दिला होता, पण आमच्या गावात दिवसभर लाइटच नसायची. आमचा छोटा काळा-पांढरा टीव्ही तेवढा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा. आयटीआय शिकणाऱ्या ताईनं गेमच्या अडाप्टरवरचे आकडे वाचले. "नऊ व्होल्ट. दीड-दीडचे सहा सेल लागतेत," असं म्हणत तिनं घरातले दोन्ही टॉर्च रिकामे केले. वडील दारातूनच म्हणाले, "उलटं जोडलंस तर जळंल. दुसरा मिळायचा न्हाय." ताईनं अडाप्टरची वायर कापली. तिनं सहा सेल सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळले, चुलीत तापवलेल्या सळईनं वायरींना सोल्डरचे डाग दिले आणि बटण दाबलं. पडदा क्षणभर नुसताच पांढरा राहिला, मग टुणटुण वाजत एक इवलासा रणगाडा चालू लागला! मी अशी किंचाळले की आई पिठाच्या हातानं पळत आली. "अगं, लाइट आली व्हय?" "न्हाय आई, ताईनं आणली!" वडील चपला काढून आमच्यात येऊन बसले आणि म्हणाले, "आण इकडं, मला दाव कसं खेळतेत." काल ताईला फोनवर विचारलं, "तुला तेव्हा जरासुद्धा भीती वाटली नव्हती का गं?" ती हसली. "लई वाटली होती. डोळे गच्च मिटूनच तर बटण दाबलं होतं."