दह्याचं बोट

माझ्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून कोणाला काही कळत नाही. ओठ नीट आहेत, नाक नीट आहे, हसली की डाव्या गालाला खळी पडते. ती रडायला तोंड उघडते तेव्हाच टाळूच्या जागी मधोमध फट दिसते. बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी बॅटरी लावून ती आम्हाला दाखवली. तोवर मी तिला अंगावर पाजायची धडपड करत होते. तिला दूध ओढता येत नव्हतं, आणि मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकतंय.

मग दूध काढून बोंडल्याने पाजायला शिकले. तिला मांडीवर उभी धरायची, जिभेच्या कडेने थोडंथोडं सोडायचं, थांबायचं. तरी घोटाघोटाला थोडं दूध नाकातून बाहेर यायचंच. ती शिंकायची, रडायची, दमून झोपायची, आणि पोट अर्धंच भरलेलं असल्यामुळे तासाभरात उठायची. मी अकोल्यात एका शाळेत सातवीला मराठी शिकवते. रजा संपून शाळेत गेले तेव्हा माझ्या प्रत्येक साडीला खांद्यावर वाळलेल्या दुधाचा डाग होता. वर्गातल्या मुलींना तो दिसायचा.

शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "ग्रहणात विळी-सुरी घेतली होती का व हातात?" मी नाही म्हणाले, आणि त्या गेल्यावर दाराला कडी लावून जुनं कॅलेंडर काढलं. त्या महिन्यांत आपल्याकडे दिसणारं ग्रहणच नव्हतं. आधी बरं वाटलं. मग लाज वाटली, की आपण बी.ए., बी.एड. होऊन कॅलेंडर चाळत बसलो.

अमरावतीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळं कागदावर चित्र काढून समजावलं. टाळू शिवता येते. पण मूल बोलायला लागायच्या सुमारास शिवली पाहिजे. प, ब, त, द ही अक्षरं तोंडात हवा दाबल्याशिवाय येत नाहीत, आणि हिची हवा नाकातून निसटते. मूल गप्प बसत नाही, ते दुसरी वाट शोधतं, घशातून आवाज काढायला शिकतं. ती सवय एकदा जडली की टाळू शिवूनही सुटायला वर्षं जातात. "उशीर करू नका," ते म्हणाले. ही शस्त्रक्रिया करणारे मोठे डॉक्टर बाहेरगावाहून दोन महिन्यांतून एकदा तिथे येत. वजन भरलेलं हवं, अंगात रक्त पुरेसं हवं, आणि त्या दिवशी सर्दी-खोकला नको.

मी मुलांकडून मोठ्याने वाचून घेणारी बाई आहे. अडखळणाऱ्या मुलाला वर्ग कसा हसतो, ते मी रोज पाहते. त्यामुळे त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. तिचे शब्द सुरू व्हायच्या आत टाळू शिवून व्हायला हवी.

वजन भरायला वर्षाच्या वर गेलं. दर पंधरा दिवसांनी अंगणवाडीच्या काट्यावर तिला ठेवायची आणि काटा थरथरायचा थांबेपर्यंत मी श्वास धरून उभी राहायची. चौदाव्या महिन्यात तारीख मिळाली.

इथे माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. बाबा तेल्हाऱ्याजवळ कापसाच्या एका जिनिंगमध्ये रखवालदार होते. सही करण्यापुरतंच लिहिता येतं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. दहावीच्या पहिल्या पेपरला त्यांनी माझ्या उजव्या तळहातावर दही-साखर ठेवली, मी ती चाटून संपवेपर्यंत समोर उभे राहिले आणि म्हणाले, "जाऊन ये." त्यानंतर बारावी, बी.ए., बी.एड., नोकरीची मुलाखत, कोणतीच वेळ त्यांनी चुकवली नाही. आई गेल्यावर ते स्वतः विरजण लावायला शिकले. अमरावतीला बी.एड.च्या परीक्षेला मी वसतिगृहात होते, तर दोन एस.टी. बदलून दह्याचा डबा घेऊन आले, फाटकाबाहेरच माझ्या हातावर दही ठेवलं आणि त्याच पावली परत गेले. पेपर कसा गेला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी जे काही झाले ते त्या हातामुळे झाले, हे मी आजही म्हणते आणि तसंच मानते.

तारीख ठरल्यावर घरात सगळ्यांना मीच बजावलं होतं. पहाटेपासून तिच्या पोटात काही जाता कामा नये. भूल दिल्यावर पोटातलं वर आलं तर फुप्फुसात जातं. हे मी सासूबाईंना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, बाबांना फोनवर दोनदा सांगितलं. बाबा म्हणाले, "समजलं. पोट्टी उपाशी ठेवाची."

आदल्या दिवशी आम्ही तिला दाखल केलं. बाबाही संध्याकाळी तिथे पोचले आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपले. सकाळी अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी आले. हातात स्टीलचा छोटा डबा. मुलगी सहापासून भुकेने रडत होती. नवरा तिला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होता. शेवटी त्याने तिला माझ्याकडे दिलं आणि कागद द्यायला खिडकीशी गेला. तेवढ्यात आतून नर्सबाईंनी आवाज दिला, आणा म्हणून.

"थांब जरासी," बाबा म्हणाले. त्यांनी डबा उघडला. एस.टी.च्या हादऱ्यांनी दह्याला पाणी सुटलं होतं. नेहमीसारखं थोडं माझ्या तळहातावर ठेवलं, आणि मी ते चाटलं. मग त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट दह्यात बुडवलं आणि क्षणभर थांबून माझ्याकडे पाहिलं.

मला कळलं होतं ते काय करणार आहेत. हे नीट लिहायचं म्हणूनच मी हे सगळं लिहायला बसले आहे. मला नियम माहीत होता, मीच तो सगळ्यांना शिकवला होता, आणि मी काही बोलले नाही. एक बोटभर तर आहे, असं वाटलं. किंवा तसंही वाटलं नसेल. त्या हाताला थांब म्हणायची मला सवयच नव्हती.

त्यांनी बोट तिच्या जिभेवर ठेवलं. ती रडायची थांबली. दोन्ही हातांनी तिने ते बोट धरलं. त्यांनी पुन्हा एकदा बुडवलं, पुन्हा दिलं. "जाऊन ये, माय," तिला म्हणाले.

आत भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी तिला माझ्याकडून घेताना थांबून पाहिलं. तिच्या डाव्या नाकपुडीत पांढरं दिसत होतं. आमच्या मुलीच्या पोटात काय गेलं, हे तिचं नाकच सांगतं.

"हे काय आहे? काय दिलं हिला?"

मी तोंड उघडलं. माझ्या मागे दारात उभे असलेले बाबा म्हणाले, "म्या देल्लं बाई. दही."

त्या रागावल्या नाहीत. त्यामुळे जास्त लागलं. त्यांनी शांतपणे बाबांना समजावलं की एवढ्याशा दह्यानेही मुलाच्या जिवाला धोका होऊ शकतो, आणि आज भूल देता येणार नाही. नवरा धावत आला. दुपारी करता येईल का, शेवटचा नंबर लावा, असं विनवू लागला. पण यादी भरलेली होती, आणि मोठे डॉक्टर दुपारच्या गाडीने परत जाणार होते.

"बाबा, इतकं सांगतलं होतं न तुम्हाले," नवरा म्हणाला. आवाज चढवला नाही, पण व्हरांड्यातल्या दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं.

"दही होतं जवाईबापू," बाबा म्हणाले. "खाऊ नोयता घातला म्या. निंगताना देतेत ते दही होतं."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, मी वडिलांना काहीतरी बोलेन. मी मुलीची झबली पिशवीत भरत होते. तेच करत राहिले.

बाबा खाली नळावर गेले. वरून मला दिसत होतं. त्यांनी डबा धुतला, झाकण धुतलं, पुन्हा डबा धुतला. मग धुतलेला डबा हातात धरून तिथेच उभे राहिले.

यादीत चार महिन्यांनी लागलेल्या पुढच्या तारखेला तिचा कान वाहत होता आणि खोकला होता. तपासून परत पाठवलं. त्यात कोणाचा दोष नव्हता, तरी परतताना गाडीत नवरा एका खिडकीशी बसला आणि मी मुलीला घेऊन दुसऱ्या. तिची शस्त्रक्रिया त्या दह्याच्या दिवशीच झाली असती, हे त्याच्याही मनात होतं आणि माझ्याही.

आता ती वीस महिन्यांची आहे. तिला बोलायचं आहे, खूप बोलायचं आहे. म आणि न स्वच्छ येतात. बाकीच्या अक्षरांच्या जागी ती घशात एक झटका देते. पाणी हवं असलं की दोन झटके. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी तिला तासभर खेळवलं आणि मला म्हणाल्या, "सवय लागायला सुरुवात झालीय. ऑपरेशननंतर आपण घालवू. वेळ लागेल." सहा महिन्यांपूर्वी हे झटके नव्हते.

बाबा गेल्या आठवड्यात अकोल्याला आले. हल्ली ते आले की माझ्या लक्षात येतं, नात जवळ आली की ते हात पाठीमागे बांधतात. पूर्वी भाकरी दुधात कुस्करून स्वतः भरवायचे. आता समोर वाटी असली तरी विचारतात, "देऊ काय?" मी द्या म्हटलं तरी म्हणतात, "तूच दे."

रविवारची दुपार होती. नवरा बाजारात गेला होता, सासूबाई आत पडल्या होत्या. मी मुलीला मऊ खिचडी भरवत होते. तिने आजोबांकडे पाहून घशातून एक आवाज काढला. आबाजी म्हणायचा तिचा तो प्रयत्न असतो.

"काय म्हन्ते व?" बाबांनी विचारलं.

"तुम्हाला बोलावते."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "माह्याच्यानं झालं हे."

मग मी सांगितलं. "बाबा, मी पाहिलं होतं. तुम्ही बोट बुडवलं तेव्हा मी पाहत होते. मला थांबवता आलं असतं."

त्यांना नवल वाटलं नाही. "मले माहीत हाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मी तुह्याकडे पाह्यलं न आंधी. तू काही बोलली नाही. म्हनलं, पोरगी शिकेल हाय, तिले समजते, एवढं चालत असन."

मला पुढचा घास भरवता आला नाही. मुलगी तोंड उघडून बसली होती.

"मग तेव्हा सांगितलं काहून नाही?"

"कोनाले? जवाईबापूले?" त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुले ह्या घरात राहाचं हाय. मी त बसनं निंगून जातो."

मग त्यांनी हात पुन्हा पाठीमागे नेले. मुलगी कंटाळून त्यांच्या मांडीशी गेली आणि पाठीमागचा हात ओढू लागली. त्यांनी तो दिला नाही. मी उठून वाटी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "द्या बाबा. खिचडीच आहे." त्यांनी मोरीत जाऊन हात धुतले, येऊन बसले, आणि बोटावर शिताएवढा घास घेऊन पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "चालतं."

पाच वाजता नवरा आला. तो चपला काढत होता तेव्हाच मी त्याला तेच सांगितलं, बाबांच्या देखत. बाबा उठून अंगणात गेले. नवरा भाजीची पिशवी हातात धरून उभा होता. "मला आधी सांगायचं न," एवढंच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. तो खूप दमलेला दिसला. थोड्या वेळाने तोही अंगणात गेला, आणि मला त्याचा आवाज ऐकू आला. "बाबा, पुढच्या सोमवारी तुमी बी चला आमच्या संगं."

"नाही," बाबा म्हणाले. "ह्या बारीले नाही. तुमी जाऊन या."

सोमवारी तिसरी तारीख आहे. आज शुक्रवार. पिशवी भरून ठेवली आहे, फाइल वर ठेवली आहे. बाबा गावी गेले, आणि जाताना कोणाच्या हातावर काही ठेवून गेले नाहीत. काल संध्याकाळपासून मुलीच्या नाकातून थोडं पाणी येतंय. आमच्या मुलीचं नाक रोजच थोडं वाहतं. जे प्यायली ते तिथून येतं. मी दर तासाला रुमालाने पुसते आणि उजेडात धरून पाहते. ते दुधाचं आहे की सर्दीचं, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.