माझी उसण आणि लेकीचं पहिलं बाळंतपण

डॉक्टरने पडून राहू नका म्हणून बजावलं होतं, तरी कंबर धरून मी आठवडेच्या आठवडे अंथरुणात काढले. तेव्हा पन्नाशीची होते, म्हणजे अक्कल यायला हरकत नव्हती.

लेक पहिल्या बाळंतपणाला इन्सुलीहून आमच्याकडे आचऱ्याला यायची होती. तिच्या सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तिथे लेकीचं करणारं कुणी नव्हतं. बाळंतिणीच्या पाण्याला मोठा तांब्याचा हंडा हवा, म्हणून तो मी माळ्यावरून एकटीने ओढला. कुणाला हाक मारली असती तर माझा रुबाब कमी झाला असता ना! कमरेत अशी उसण भरली की हंडा एकीकडे, मी दुसरीकडे.

उसण भरली की पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या माणसाची लाथ घ्यायची, ही आमची रीत. वाडीत पायाळू कोण, तर माझी धाकटी जाऊ. तिने काय मन लावून लाथ मारली म्हणता! गुण आला तो तिलाच. त्या दिवसापासून माझ्याशी गोड बोलायला लागली.

मग तिच्याच खांद्याला धरून दवाखाना गाठला. डॉक्टर तरुण. पाय उचलून पाहिले, मुंग्या येतात का, बधिर वाटतं का, लघवी नीट होते का, सगळं विचारलं. म्हणाला, "काकू, घाबरण्यासारखं काही नाही. फोटो काढायची गरज नाही. शेक घ्या, चार दिवस जेवणानंतर ही गोळी. पण झोपून राहू नका. दुखलं तरी थोडं थोडं फिरा, जमतील ती कामं करा."

फोटो नाही, इंजेक्शन नाही. मग माझ्या दुखण्याला किंमत ती काय राहिली? घरी येऊन आडवी झाले.

"वैनी, तो फिराक सांगता आणि तू निजतस?" जाऊ म्हणाली.

"तो कालचो पोर! कंबर माजी आसा, त्याची न्हय."

पडले म्हणून कंबर आखडली, आखडली म्हणून आणखी पडले. बायका पेज घेऊन यायच्या, हळहळायच्या. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायला लागलं होतं. लेकीचा फोन आला की मी कण्हतच बोलायचे, "आठ दिवस थांब गो, बरा वाटला की तुका न्हेवक येतंय." आठ दिवसांनी पुन्हा तेच.

शेवटी ती तिथेच बाळंत झाली.

कळलं तशी उठले आणि एसटीत बसले. इन्सुलीपर्यंत गाडीने हाडं खिळखिळी केली, पण कंबरेने हूं की चूं केलं नाही. लटपटत होते ते पाय, पडून पडून त्यांतलं बळ गेलेलं. लेक पाळण्याशी वाकून दुपट्यांच्या घड्या करत होती, एक हात कमरेवर. मी सवयीने माझ्या उसणेची कथा सुरू केली. तिने सगळी ऐकून घेतली. मग घडी न सोडता म्हणाली,

"आये, माजी पण कंबर दुखत होती. पण निजाक माका तुज्याकडेच येवचा होता."