रक्त कमी आहे, इतकंच

माझं लग्न ठरलं आणि मी वाळायला लागले. हिमायतनगरच्या एका शाळेत तेव्हा मी तिसरीच्या वर्गाला शिकवत होते. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की दम लागायचा, संध्याकाळी अंगात कणकण असायची. मानेवर सुपारीएवढी गाठ आली होती, ती मी ओढणीखाली झाकून फिरत होते. शेवटी आईबाबांनी मला धरूनच डॉक्टरांकडे नेलं.

तपासण्यांत गाठीचा टीबी निघाला. रक्तही बरंच कमी होतं.

"अम्मा, फिकर नक्को करो," डॉक्टर आईला म्हणाले. मग त्यांनी नीट समजावलं. हा टीबी गाठीतच आहे, जवळ बसल्याने कोणाला लागत नाही. सहा महिने गोळ्या. रक्त कमी झालंय तेही या दुखण्यामुळेच. ते हटलं की रक्त हळूहळू चढेल.

परतताना रिक्षातच बाबांनी ठरवलं, "कोणी विचारलं तर रक्त कमी आहे, इतकंच सांगायचं." खोटं नव्हतंच ते. होणाऱ्या नवऱ्याला मात्र मी त्याच संध्याकाळी फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरी हो आधी. घरी तू म्हणशील तेव्हाच सांगू."

रक्त कमी असल्याची बातमी मलकपेठला, होणाऱ्या सासरी, पोचली मात्र, रविवारी सासूबाई पिशव्या घेऊन दारात हजर. खजूर, डाळिंबं, बीट, शेंगदाण्याचे लाडू. "रक्तच ना? चढवून टाकू की!"

पुढे दर रविवारी त्या येऊ लागल्या. आपण मागे पडतोय असं वाटून आईने गोंगुऱ्याचा, म्हणजे आपल्या अंबाडीचा, सपाटा लावला. त्यात गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, हे डॉक्टरांनी मला सांगितलेलं. बाबांना ठाऊक नव्हतं. मी आईला रंगाबद्दल सांगत असताना त्यांच्या अर्धवट कानावर पडलं, हा बिटाचाच प्रताप असं त्यांना वाटलं आणि त्यांनी घरात बिटावर बंदी घातली. बीट टळलं म्हणून मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

एका रविवारी सासूबाई डाळिंब सोलता सोलता थांबल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांग हं. आमचा मुलगा तुला पसंत नाही का?"

"अहो, असं काय विचारता?"

"मग वाळतेस कशानं? एवढं खाऊन अंगाला लागत नाही म्हणजे मनातच काहीतरी असणार. आत्ताच बोल, मी रागावणार नाही."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मी ओढणी बाजूला केली. "मला गाठीचा टीबी झालाय. औषध चालू आहे."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. सासूबाईंनी चष्मा लावला, वाकून गाठ पाहिली.

"गोळ्या चुकवत नाहीस ना?"

"नाही."

"हौ, मग बरी होशील. अगं, मी आठवडाभर झोपले नाही! वाटलं, लग्न मोडतंय." मग त्यांना काहीतरी सुचलं. "त्याला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मी इकडे आणायला लाडवांचे डबे भरायचे तेव्हा तो काही माहीत नसल्यासारखा बसायचा! घरी जाऊन बघतेच त्याला."

आई दारात डोळे पुसत उभी होती. सासूबाईंनी तिला जवळ बसवलं, अर्धं डाळिंब तिच्या हातात दिलं आणि दोघींनी मिळून मुहूर्त पुढे ढकलला. गोळ्या संपल्यावर लग्न.

दुखणं ओसरत गेलं तसं रक्त खरंच चढलं. गाठ विरली. मला भूक लागू लागली, तीही वेळीअवेळी. शाळेत मुलं म्हणाली, "टीचर, आता तुम्ही परत ओरडायला लागल्या."

जानेवारीत, औषध संपल्यावर, आम्ही तिघं नुमाइशला, म्हणजे दरवर्षी भरणाऱ्या मोठ्या प्रदर्शनाला, गेलो. सासूबाईंनी शालींची दुकानं पालथी घातली, मी त्यांच्या बरोबरीने चालले. होणारे नवरोबा मागून थैल्या सांभाळत, "कुठेतरी बसूया," म्हणत होते. आकाशपाळण्याशी आल्यावर तर त्यांनी सपशेल नकार दिला. उंचीची भीती, हे तोवर त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

सासूबाईंनी पदर खोचला. "थैल्या धर रे," असं लेकाला बजावून त्या माझा हात धरून पाळण्यात चढल्या.