एका हातात मावेल एवढं पुस्तक

डायलिसिसच्या खोलीत वाचणाऱ्याची पहिली अडचण साहित्यिक नसते. एका हातात दोन सुया असतात, तो हात चार तास हलवायचा नसतो, आणि उरलेल्या हाताने साडेसहाशे पानांचं पुस्तक पेलत नाही. पेललं तर पान उलटता येत नाही. पान उलटायला गेलं की पुस्तक छातीवर पडतं, रोगी दचकतो आणि मशीन बोंबलायला लागतं.

यावर तोडगा काढला मशीनदादाने. मशीनदादा म्हणजे तिथला टेक्निशियन. मूळचा पाण्याचे पंप दुरुस्त करणारा. इथला पाणी शुद्ध करायचा पंप बसवायला आला, पंप बिघडत राहिला म्हणून येत राहिला, आणि रोज बोलावण्यापेक्षा ठेवूनच घेतलेला बरा, असं रुग्णालयाला वाटलं. मग त्याने रीतसर कोर्स केला. बोलणं बेताचं. ‘हात सरळ’, ‘पाणी किती प्यालात?’ आणि ‘खरं सांगा’ या तीन वाक्यांवर त्याची सगळी नोकरी निभावली होती. बायकोचं म्हणणं, घरी तेवढीही लागत नाहीत.

पुस्तकं तीन होती. किडनी मिळाल्याचा फोन आल्यावर एक तरुण घाईघाईत निघून गेला आणि ती मागे राहिली. तो ती न्यायला परत आला नाही, आणि त्याने इथे परत यावं असं कोणाला वाटतही नव्हतं. कथा हल्लीच्या धाटणीची, काळोखी. एक राणी प्रजेकडून आयुष्याची वर्षं विकत घेते. तिच्याविरुद्ध मीठ चोरून विकणारी एक मुलगी उठते, आणि तिसऱ्या खंडाच्या शेवटी तीच मुलगी त्याच सिंहासनावर जाऊन बसते. अधेमधे पुष्कळ माणसं मरतात. मुखपृष्ठं काळं, करडं आणि तांबडं असल्यामुळे खंडांना नावंही तीच पडली.

मशीनदादाने पातं घेऊन तिन्ही खंडांचे पातळ तुकडे केले, त्यांवर आकडे घातले आणि पाठीला सुया चिकटवायची पांढरी पट्टी लावली. डॉक्टर पुस्तकवेडे होते. त्यांना ते बघवेना. पण तुकडे खाटांवरून फिरू लागले.

रक्ताच्या वर्णनांबद्दल खोलीचं एकमत होतं : लेखकाला त्यातलं काही कळत नाही. तो रक्ताला ‘बर्फासारखं थंड’ म्हणतो. इथे नळी नुसती दंडाला टेकली तरी ऊब कळते. बाकी मतभेद होते. सगळ्यात मोठे भक्त म्हणजे दाराजवळच्या खाटेवरचे गॅरेजवाले काका. त्यांनी काळ्या खंडाचा पाचवा तुकडा चौथ्याआधी वाचला. त्यामुळे पाचव्यात मेलेला सेनापती त्यांना चौथ्यात घोड्यावर बसलेला भेटला, आणि कोणी त्याला कारणही विचारलं नाही. काका थक्क झाले. “काय हिंमत आहे लिहिणाऱ्याची!” चूक दाखवून दिल्यावरही त्यांनी मत बदललं नाही. आपण वाचलं तेच पुस्तक जास्त चांगलं होतं, असं ते म्हणत.

त्यांच्या समोरच्या खाटेवर गणिताच्या बाई. निवृत्त, विधवा, वजनाने हलक्या आणि शब्दाने भारी. त्यांनी मुलाला सांगून टाकलं होतं, की पुढच्या महिन्यापासून मी डायलिसिसला जाणार नाही. कंटाळा आला. थांबवलं तर किती दिवस उरतात, ते डॉक्टरांनी समजावलं. बाईंनी आधीच हिशोब केलेला होता.

मुलगा मशीनदादाला बाहेर गाठून म्हणाला, “आई तुमचं ऐकते. जरा बोला ना तिच्याशी.”

मशीनदादाने त्या दिवशी बाईंना सुया लावल्या, शब्द शोधले, सापडले नाहीत. त्या छताकडे बघत पडल्या होत्या. त्याने हाताशी होता तो काळ्याचा पहिला तुकडा पुढे केला.

तासाभराने बाईंचा आवाज आला. “कोणी लिहिलंय हे? माझ्या वर्गातल्या पोराने लिहिलं असतं तर मी आईवडलांना बोलावून घेतलं असतं.”

“पुढे रंगतं, बाई,” दारापासून काका म्हणाले.

“दीड पान रक्त वाहतंय आणि तो माणूस अजून भाषण करतोय!”

“करेल की. आपलं चार-चार तास बाहेर फिरतंय, मी थांबतो का बोलायचा?”

“तेच तर दुर्दैव आहे. दादा, दुसरा तुकडा द्या. हा मूर्खपणा कुठवर जातो ते बघायचंय.”

मूर्खपणा तीन खंड गेला. बाई प्रत्येक तुकड्याला नावं ठेवत आणि पुढचा मागत. सैन्य एका रात्रीत जितकं चालतं तितकं घोडासुद्धा धावत नाही, हे त्यांनी काकांना सिद्ध करून दाखवलं. काका म्हणत, “जादूचं राज्य आहे, बाई.” बाई म्हणत, “जादूला अंतर लागत नाही का?” मशीनदादा मधून फिरत नळ्या तपासायचा. महिना बदलला. मुलाने विषय काढला नाही, बाईंनीही नाही. पण तांबड्याचे तुकडे संपत आले होते, आणि मशीनदादाचं लक्ष मशीनच्या पडद्यावर कमी आणि बाईंच्या हातातल्या उरलेल्या पानांवर जास्त असे.

त्यातच गॅरेजवाले काका मुलीकडे राहायला गेले. तिच्या घराजवळ नवं केंद्र उघडलं होतं. जाताना म्हणाले, “बाई, शेवटाला मी रडलो होतो. तुम्ही नाही रडणार, पण निदान शिव्या देऊ नका.”

“अजून सहा पानं आहेत. वचन देत नाही.”

ती सहा पानं बाईंनी पुढच्या खेपेला वाचली. तुकडा पोटावर ठेवला. दाराजवळच्या खाटेवर नवा माणूस झोपला होता, तोंड उघडं टाकून. बाई पुन्हा छताकडे बघू लागल्या. म्हणाल्या, “झालं एकदाचं. महिनाअखेरीस मुलाला सांगते, आता पुरे.”

 मशीनदादा तोंडाला येईल ते बोलून गेला : “मला शेवट आवडला.”

“तुम्ही वाचलंत?”

“हो.”

“मुलीला मीठ कोण पुरवतं?”

मशीनदादाने उगीचच एक नळी तपासली.

“खरं सांगा,” बाई म्हणाल्या.

“वाचलं नाही.”

“मग आवडलं कसं? न वाचता मत देणारी माणसं मी आयुष्यभर शाळेच्या समितीवर बघितली. तुम्ही तरी नका करू. वाचा. पुढच्या खेपेला विचारीन.”

मशीनदादाने शाळा सुटल्यापासून यंत्रांची माहितीपत्रकं सोडून काही वाचलं नव्हतं. तो तुकडे घरी घेऊन गेला. बायकोने विचारलं, “परीक्षा आहे का?” तो म्हणाला, “हो.” वाचताना त्याचे ओठ हलत होते, आणि मधेच तो ‘अरे अरे’ म्हणत होता.

पुढच्या खेपेला बाईंचं वजन झालं, त्या खाटेवर बसल्या. “बोला.”

“राणीचं बरोबर आहे,” मशीनदादा म्हणाला.

बाईंनी चष्मा वर सरकवला. असं मत अजून या खोलीत कोणी दिलं नव्हतं. काका मीठवाल्या मुलीच्या बाजूने होते. बाई कोणाच्याच नव्हत्या.

“प्रजेची वर्षं ओढून घेते ती. बरोबर कसं?”

“ओढून नाही, विकत. जगायला जास्त वर्षं मागितली, त्यात तिचं काय चुकलं? इथे सगळे तेच मागतात.”

 बाई म्हणाल्या, “मी नाही मागत.”

“माहीत आहे,” मशीनदादा म्हणाला. त्याच्या हातात सुई होती आणि ती त्याने तशीच धरून ठेवली. “मला आवडत नाही ते.”

आजवर त्याने त्या खोलीत कोणाला आपली आवड-नावड सांगितली नव्हती. बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं, एखाद्या मागच्या बाकावरच्या पोराने पहिल्यांदा हात वर केल्यावर बघावं तसं.

“किती तुकडे झालेत तुमचे?”

“तीन.”

“तीन तुकड्यांवर राणीला निर्दोष सोडलंत? चौथ्यात ती काय करते ठाऊक आहे?”

“सांगू नका.”

“सांगत नाही. पण वाचल्यावर हेच म्हणालात तर पुराव्यानिशी म्हणायचं. नुसतं ‘आवडतं’, ‘आवडत नाही’ चालणार नाही.”

“मी सावकाश वाचतो, बाई.”

“ते दिसतंच आहे.” त्या आडव्या झाल्या. “पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात बघू. चला, लावा,” आणि त्यांनी हात पुढे केला.