न पाहिलेलं पान

भोईरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथच्या कॉलेजात एम.ए.च्या मुलांना संदर्भसूची कशी करावी ते शिकवत होते. फळ्यावर लेखकाचं आडनाव, स्वल्पविराम, पुस्तकाचं नाव, एवढं लिहून झालं होतं. फोन काकींचा होता. "बाय, काका गेलं गं तुजं… सकाली चहा घेतला न् बसल्या जागी." मी बाहेर जाऊन दोन मिनिटं बोलले, परत आले आणि तास पुरा केला. पान क्रमांकाच्या आधी काय लिहायचं तेही मुलांना सांगितलं. त्याची मला अजून लाज वाटते.

काका उल्हासनगरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई होते. पुस्तकं काढून द्यायची, परत आली की जागेवर लावायची, एवढंच कागदोपत्री काम. शिक्षण दहावी. पण तिथे प्रबंध लिहायला बसलेला प्रत्येक जण आधी ग्रंथपालांना भेटायचा आणि मग हळूच काकांना गाठायचा. काका बेलवलीतल्या आगरी घरातले, भावकी मोठी, त्यामुळे लग्नसराईत घरात पत्रिकांचा ढीग पडायचा. त्या पाठकोऱ्या पत्रिका कापून काका कार्डं करत. एका संदर्भाला एक कार्ड. लेखक, पुस्तक, साल, पान, कुठल्या ग्रंथालयात, कुठल्या कपाटात. उलटं केलं की कुणाच्या तरी हळदीची वेळ नाहीतर अर्धा गणपती. आणि वर उजव्या कोपऱ्यात लाल शाईत एकच अक्षर, 'पा'. म्हणजे पाहिलं. ते पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काका ते अक्षर लिहीत नसत आणि ते अक्षर नसलेला संदर्भ कुणाला प्रबंधात घालू देत नसत. निवृत्तीनंतर ही कार्डं बुटांच्या खोक्यांत भरून बेलवलीला आली आणि त्यांच्या मागोमाग मुलंही येऊ लागली.

त्यांच्यापुढे कुणाचीच डाळ शिजत नसे. काका नोकरीत असताना एकदा एक प्राध्यापक आपल्या लेखाची सूची घेऊन आले. काकांनी ती वाचली, आत जाऊन पुस्तक आणलं आणि टेबलावर ठेवलं. "सर, ह्या पुस्तकाची पानं एकशे नव्वद. तुमचं वाक्य दोनशे तेराव्यावर कसं चढलं?" ग्रंथालयात शांतता पाळायची असते म्हणून आम्ही पोटात दाबून हसलो. मोबाईलवर शोधून आणलेल्या यादीला काका 'ऐकीव' म्हणायचे. "मोबाईल सांगतंय ते ऱ्हाऊ दे. तू बघलंस कं?" मुलं कंटाळायची, पण ठाण्याला नाहीतर मुंबईला जाऊन पान बघून यायची. मीही जायचे. कात्रपच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या अभ्यासाचं कुणाला कौतुक नव्हतं. ते काकांना होतं. काकी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी पुढे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आदी खा, पुस्तकं कुटं पलतान?"

माझा लघुप्रबंध उल्हास नदीकाठच्या गावांतल्या शेतजमिनींवर होता. दाखल करायला एक दिवस उरला असताना एका मुद्द्याला आधार मिळेना. मी दुसऱ्या एका प्रबंधाच्या सूचीतून एक जुना अहवाल उचलला, पान क्रमांकासकट. तो मी पाहिला नव्हता. काकांनी कार्ड पुढे ओढलं आणि नेहमीचं विचारलं, "पान डोल्यांनी बघलंस ना?"

"हो काका. झेरॉक्स घरी आहे, उद्या आणते."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मला पाच वर्षं ओळखत होते, घरच्यासारखं मानत होते. "मंग लिवतो," म्हणाले आणि लाल पेन उचललं. मला वाटतं, आयुष्यात तेवढं एकच 'पा' त्यांनी दुसऱ्याच्या शब्दावर लिहिलं असेल. झेरॉक्स नव्हतीच, तर नेणार कुठून! प्रबंध मंजूर झाला, मला नोकरी लागली, आणि त्या कार्डाचा मला सोयीस्कर विसर पडला.

सहा वर्षांनी प्रणाली नावाच्या एका मुलीला खोक्यात ते कार्ड सापडलं. तिला त्या पानाची प्रत हवी होती. काका शोधायला निघाले. दोन-तीन ग्रंथालयं पालथी घातली, अहवाल कुठेच नाही. मग एका दुपारी रिक्षा करून ते कात्रपला माझ्याकडे आले. पाणीही न घेता विचारलं, "बाय, ती झेरॉक्स तू आनलेलीस कं नाय? मना काय आठवत नाय."

तेव्हा खरं बोलायला काय हरकत होती? पण माझी नोकरी कायम होण्याचे कागद तेव्हा वर गेले होते, आणि तोच प्रबंध त्यांना जोडलेला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. "आणली होती की काका! तुम्हीच तर चष्मा लावून वाचलीत."

"वाचली मी?"

"हो. आणि मग कार्डावर लिहिलंत."

ते उठले. मग म्हणाले, "मंग इसरलो मी." जिना उतरताना त्यांनी प्रत्येक मजल्यावर थांबून दारांवरच्या पाट्या वाचल्या. आपण कुठे आहोत याची खात्री करून घेत असल्यासारखं… मी वरून बघत होते. मी वेळ मारून नेली होती.

त्यानंतर काका बदलत गेले. नवीन कार्डं करणं बंद झालं. मुलं आली की म्हणायचे, "माझ्या भरवशावर ऱ्हाऊ नका, माझं आता खरं नाय." सगळी खोकी उपसून एकेक 'पा' पुन्हा तपासायला बसायचे, कुठलं खरं पाहिलेलं आणि कुठलं नुसतं वाटलेलं. दिवाळीत मी फराळ घेऊन गेले तर काकी दारातच कुजबुजल्या, "हल्ली इसरतान. डॉक्टर बोलला, वयाचं हाय." आत काका पलंगावर, समोर कार्डांच्या चळती. मला बघून हसले. "बाय, तुजं नाव आठवतंय हां अजून." मी चहा प्यायले. कप बशीत ठेवताना सांगावं असं ठरवलं होतं. ठेवला… आणि सांगितलं नाही. तीच आमची शेवटची भेट.

ते गेल्यापासून मला पान क्रमांक लिहिता येत नाही. आकडा लिहिला की हात थांबतो. उठून पुस्तक उघडते, बघते, बसते, पुन्हा उठते. वर्गात कुणी मागे खोकलं तरी वाटतं, काका आलेत आणि आता सगळ्यांसमोर विचारणार. एकदा बेलवलीच्या वळणावर पुढे चालणारा एक म्हातारा घरांवरच्या पाट्या वाचत होता. मी मागून धावत गेले आणि अनोळखी माणसाची माफी मागून परत आले. प्रणालीला मी खरं काय ते सांगितलं आहे, विद्यापीठालाही पत्र लिहिलं आहे. जे व्हायचं ते होईल. पण ज्यांना सांगायला हवं होतं ते तर ऐकायला नाहीत.

मागच्या रविवारी काकींकडे गेले. त्या ओट्याशी बसून तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. न पाहिलेलं पान, नसलेली झेरॉक्स, काकांनी कधीच न वाचलेला कागद.  त्यांचे सुपातले हात थांबले.

"म्हंजे," त्या म्हणाल्या, "ते काय इसरलं नव्हतं."

"नाही काकी."

"डोकं चांगलं व्हतं त्यांचं."

"हो."

मला वाटलं, आता त्या मला दाराबाहेर काढतील. काढायलाच हवं होतं. त्या उठल्या, तांदळाच्या पिंपामागे हात घालून एक प्लास्टिकची पिशवी ओढून काढली आणि माझ्यासमोर ठेवली. आत काकांच्या चपला होत्या, धूळ बसलेल्या.

"मी लपवून ठेवाची, बाय. भायेर पडतील न् रस्ता इसरतील म्हनून. ते रोज सकाली दारात उभं ऱ्हाऊन मागाचे. आनि मी त्यांना सांगाची… तुमीच ठेवल्यात कुटंतरी, आठवा."