केबलवाल्या चाचांचं बदक

लातूरच्या आमच्या गल्लीत नाताळ कुठल्या पाद्र्याने आणला नाही. तो केबलवाल्या चाचांनी आणला, आणि तोही चुकून. हैदराबादहून त्यांनी कुस्त्यांची म्हणून एक व्हिडिओ कॅसेट मागवली होती. लावून बघितली तर पैलवानांच्या जागी बर्फ पडत होता आणि एक बदकाचं पिल्लू थंडीत कुडकुडत होतं. आलेला माल परत करणं चाचांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी ते नाताळचं कार्टून गल्लीभर सोडलं आणि दर डिसेंबरात सोडत राहिले.

कार्टून इंग्रजीत होतं आणि चाचांना इंग्रजी येत नव्हतं, पण ही अडचण त्यांना स्वतःला कधी जाणवली नाही. मूळ आवाज बंद करून ते माइकवर बसत. एरवी याच माइकवरून ते नळाला पाणी आल्याचं आणि कुणाची म्हैस सुटल्याचं जाहीर करत. "हे बदक हाय," ते सुरुवात करत. "याची मंडळी उडून विष्णुपुरीच्या धरणावर गेली. हे झोपून राहिलं. आता घर शोधून राहिलंय." मग लाल कपड्यांतले, पांढऱ्या दाढीचे म्हातारबाबा येत. "हे बुजुर्ग घरोघर सामान पोचवतात. पगार न्हाई, पेन्शन न्हाई." आम्हा पोरांना कित्येक वर्षं नाताळ हा पाटबंधारे खात्याचा सण वाटत होता.

भूकंप झाला त्या वर्षी चाचांनी टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर टेम्पोत घातला, हाताखाली वायरी ओढणाऱ्या मलाही घातलं आणि किल्लारीकडच्या एका पत्र्याच्या शेडांच्या वस्तीवर नेलं. तिथे तोवर ब्लँकेटं पोचली होती, भाषणं पोचली होती, कुणीतरी पाठवलेले कोट-टायसुद्धा पोचले होते. बदक तेवढं राहिलं होतं. भर दुपारी पोरं दाटीवाटीने बसली, मागे मोठी माणसं उभी राहिली. चाचा रंगात आले. आणि मध्येच पडद्यावर बर्फाच्या भाराने एक घर कोसळलं.

तो प्रसंग आम्हा दोघांना पाठ होता, पण निघताना दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. पुढे बसलेल्या एका पोरीने विचारलं, "आत कोन व्हतं?"

चाचांनी माइक तोंडापासून बाजूला केला. मग ते म्हणाले, "कोनी न्हाई, बेटा. समदे शेतात गेलते."

"म्हातारी बी?"

"म्हातारी बी. तिला तर सगळ्यात आधी नेलं."

पोरीने जरा विचार केला. "तेवढंच परत लावा."

चाचांनी कॅसेट मागे घेतली. घर परत पडलं, सगळे परत शेतात गेले. पोरं 'परत' म्हणत राहिली आणि चाचा सांगत राहिले. बदकाचं पुढे काय झालं, हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही.

पुढे लातुरात डॉक्टर पिकवण्याचा हंगाम आला. गल्लीतल्या घरांची हॉस्टेलं झाली. एका क्लासच्या संचालकांनी चाचांना बजावलं, "डिसेंबरात रिव्हिजन असते. हे कार्टून बंद करा, नाहीतर हॉस्टेलांची केबल कापतो."

"साहेब, बदक अर्ध्या तासाचं हाय," चाचा म्हणाले. "तेवढ्यानं डॉक्टर हुकत असंल, तर तो डॉक्टर लई कच्चा हाय."

केबल कापली गेली. चाचांनी टीव्ही दुकानासमोर स्टुलावर मांडला. एका संध्याकाळी नांदेडकडच्या लोहा गावाहून शिकायला आलेली एक मुलगी दप्तर पाठीला लावून तिथे थबकली. मेडिकलला नंबर लागला नव्हता म्हणून पुन्हा परीक्षा देत होती.

"माझ्यापायी घरी समद्यांनीच टीव्ही बंद केलाय," ती म्हणाली. "जाते काका, क्लासला उशीर होईल."

"होऊ दे. बदक घरी पोचल्याबिगर जायचं न्हाई."

ती पायरीवर बसली. बदक पोचलं तेव्हा ती हसली की रडली, मला नीट कळलं नाही. डोळे पुसून ती गेली, आणि ती वळणाआड होईपर्यंत चाचा रस्त्याकडे बघत राहिले.

मग घरोघर डिशच्या छत्र्या आल्या. चाचांनी वायरी गुंडाळल्या आणि ते नांदेडला लेकीकडे राहायला गेले. ती मुलगी गल्लीत पुन्हा कधी दिसली नाही; डॉक्टर झाली का, मला ठाऊक नाही. चाचा मात्र फोनवर दर वेळी विचारतात, "ती लोह्याची पोरगी आलती का कधी?"

"हाव चाचा, आलती," मी म्हणतो. "तुम्हालाच विचारून राहिली होती."

मग ते विचारतात, "चहा तरी पाजलास ना तिला?"