मोजणीच्या दिवसाचे नियोजन

आमच्या गृहरचना संस्थेचे संस्थापक अध्यक्ष गोपाळकृष्ण मेहेंदळे यांना नुकतीच पंच्याऐंशी वर्षं पूर्ण झाली. सत्कार झाला. शाल, नारळ, आणि ‘द्रष्टे नियोजनकार’ असं लिहिलेलं मानपत्र. ते ऐकून घरी आलो आणि हे लिहायला बसलो. मला लिहिण्याची सवय नाही. संस्थेचा चिटणीस म्हणून इतिवृत्तं पुष्कळ लिहिली, पण त्यात आपलं म्हणणं लिहायचं नसतं. तेव्हा इथे काही चुकलं तर ती चूक माझी. मेहेंदळ्यांच्या हातून चूक होत नाही. चूक व्हायला आधी काहीतरी करावं लागतं.

मुंढव्याच्या आमच्या कारखान्यात ते उत्पादन नियोजन विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या टेबलामागे भिंतभर तक्ता असे. त्यात लाल, हिरव्या आणि निळ्या पेन्सिलींनी आखलेल्या पट्ट्या. सोमवारी ते तक्ता आखत, आठवडाभर यंत्रं त्यांना जमेल तसं काम करत, आणि शनिवारी दुपारी मेहेंदळे तक्ता खोडून उत्पादनाशी जुळवून घेत. त्यामुळे त्यांचं नियोजन कधी चुकलं नाही. वरिष्ठ येत, तक्ता बघत आणि खूश होऊन जात.

ब्याण्णव साली आम्ही बेचाळीस जणांनी मिळून वाघोलीला पाच एकर जमीन घेतली. तेव्हा वाघोली म्हणजे बाजरीची शेतं आणि नगरकडे जाणारे ट्रक. अध्यक्ष कोणाला करायचं यावर चर्चा झालीच नाही. पहिल्या सभेला बाकीचे हात हलवत आले होते आणि मेहेंदळ्यांच्या काखेत कागदाची गुंडाळी होती. ते एकमतानं निवडून आले.

पहिली सात वर्षं आराखड्यात गेली. रस्त्यांची नावं ठरली, मग त्या नावांवरून भांडणं झाली, मग नावं रद्द करून क्रमांक ठरले. वाचनालय कुठे, बाग कुठे, बागेत बसायच्या बाकांची तोंडं कुठल्या दिशेला. वाळत घातलेले कपडे रस्त्यावरून दिसू नयेत असा नियम झाला. चार वर्षांनी पाट्या आल्या. मेहेंदळ्यांनी बुधवार पेठेतल्या पेंटरकडून सात पाट्या रंगवून घेतल्या आणि रिकाम्या माळावर रोवल्या. ‘येथे वाहने धुवू नयेत.’ ‘दुपारी एक ते चार विक्रेत्यांनी आत येऊ नये.’ आत म्हणजे कुठे, ते कळायला मार्ग नव्हता, कारण कुंपण नव्हतं. शेजारच्या शेताचे मालक दत्तोबा त्यातल्या एका पाटीला म्हैस बांधायचे. मेहेंदळ्यांनी त्यांना पत्र पाठवलं. दत्तोबांनी ते वाचून घेतलं आणि मला म्हणाले, “साहेबांना सांगा, खांब मजबूत हाय.”

मेहेंदळ्यांचा सगळ्यात लाडका नियम मात्र कागदावर होता. सभेच्या ठरावाशिवाय कुठलंही काम करायचं नाही, आणि चौदा पूर्ण दिवस आधी सूचना दिल्याशिवाय सभा घ्यायची नाही. “यामुळे शिस्त राहते,” ते म्हणायचे. शिस्त राहिली. माळावर दुसरं काही राहत नव्हतं.

हेमावहिनींचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, मत वेगळं होतं. मी बुधवार पेठेत त्यांच्या घरी सह्या घ्यायला गेलो की त्या चहा ठेवत आणि आतूनच बोलत. “अहो, बेचाळीस घरांच्या नळांचा आराखडा झाला असेल तर आपल्या मोरीतल्या एका नळाकडे बघा. दिवाळीपासून गळतोय.”

“हेमा, प्रत्येक गोष्टीला एक क्रम असतो.”

“हो ना. आधी घर बुडायचं, मग वॉशर आणायचा.”

मुलगा वरद तेव्हा नुकताच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. त्यानं वडिलांचा आराखडा संगणकावर चढवून दिला. कडेला भोकं असलेल्या कागदाचे अकरा ताव निघाले. ते चिकटवून मेहेंदळ्यांनी दिवाणखान्यात लावले. तक्ता दारावर आल्यामुळे वहिनींना आतल्या खोलीत जाताना तो उचलून धरावा लागे. वरद एकदा म्हणाला, “बाबा, प्लॅन नुसता बनवून चालत नाही. रोज फॉलो-अप करायचा असतो. कोणी काय केलं ते भरायचं.”

“त्यासाठी रकाना ठेवलाय की,” मेहेंदळे म्हणाले. रकाना खरंच होता. सुबक होता. अकराही तावांवर रिकामा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, कारण आम्हा बहुतेकांना घाई नव्हती. डोक्यावर छप्पर होतं. वाघोलीची जागा म्हणजे पुढेमागे मुलांना होईल, एवढाच विचार. घाई होती ती एकट्या वैजनाथ घुग्यांना.

घुगे जिंतूरकडचे. पेंट शॉपमध्ये बावीस वर्षं काम केलेलं, आणि तेवढीच वर्षं कंपनीच्या क्वार्टरमध्ये काढलेली. नव्याण्णव साली कंपनीनं जुनं खातं बंद करायला काढलं आणि स्वेच्छानिवृत्ती आली. नाव स्वेच्छा, इच्छा कंपनीची होती. कागदावर लिहिलं होतं की एप्रिल दोन हजार एकपर्यंत क्वार्टर रिकामं करावं. गावाकडे घर भावाकडे गेलेलं. पुण्यात भाड्यानं राहायचं तर निवृत्तीची रक्कम भाड्यातच संपणार. त्यांच्या पत्नी, इंदुबाई, मला एकदा म्हणाल्या होत्या, “दोन खोल्या झाल्या तरी बास. पर दाराला कुलूप आपलं पायजे.”

पण वाघोलीत घर बांधायचं तर आधी सरकारी मोजणी हवी होती. मोजणीशिवाय बिगरशेती परवाना नाही, परवान्याशिवाय घर नाही. मोजणीचा अर्ज सात वर्षं आराखड्याच्या तिसऱ्या टप्प्यात पडून होता. शेवटी घुगे दर सभेला उभे राहून एवढंच विचारायला लागले, “मोजणीचं काय झालं, साहेब?” त्याला कंटाळून मेहेंदळ्यांनी एकदाचा अर्ज केला.

दोन हजार सालच्या जानेवारीत एका गुरुवारी मोजणीचं पत्र आलं. तारीख होती त्यानंतरच्या अकराव्या दिवसाची, सोमवारची. संस्थेच्या कोणीतरी हजर राहून हद्दी दाखवायच्या, मजूर आणि चुना द्यायचा, कागदावर सही करायची. कोणी आलं नाही तर प्रकरण निकाली, आणि पुन्हा नंबर लागायला वर्ष-दीड वर्ष. मी पत्र घेऊन बुधवार पेठेत धावलो. मेहेंदळे ते वाचून आनंदले.

“चिटणीस, सभा बोलवा. विषय: मोजणीच्या दिवसाचे नियोजन.”

“साहेब, मोजणी अकरा दिवसांवर आहे. सभेला चौदा दिवस लागतात.”

“मग?”

“म्हणजे सभा मोजणीच्या नंतर येते.”

त्यांनी तक्त्यावर बोट फिरवून दिवस मोजले आणि म्हणाले, “मग त्यांनी तारीख बदलायला हवी. आपले नियम नोंदणीकृत आहेत.”

“तोवर दोघंतिघं नुसते जाऊन उभे राहिलो तर?”

“ठरावाशिवाय? उद्या कोणीही उठून कुठेही जाऊन उभा राहील.”

आतून हेमावहिनी म्हणाल्या, “माळावर उभं राहायला ठराव लागतो, हे दत्तोबांच्या म्हशीला कळवा.”

मेहेंदळ्यांनी मोजणी कार्यालयाला पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा कडक झाला, दुसरा मऊ झाला, तिसऱ्यात ‘कृपया’ दोनदा आलं. पत्र शनिवारी पेटीत पडलं. म्हणजे मोजणीच्या दोन दिवस आधी. सभेची सूचना मी त्या गुरुवारीच बेचाळीस जणांना पाठवली होती: मोजणीनंतरचा रविवार, सकाळी दहा, शाळेचा हॉल. पाठवताना लाज वाटली, पण पाठवली. घुग्यांना सूचना द्यायला मात्र मी स्वतः क्वार्टरवर गेलो. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि विचारलं, “मोजणी सोमवारीच हाय ना पण?”

“हो.”

“बरं,” एवढंच म्हणाले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

त्या सोमवारी मी घरीच बसून होतो. काय झालं ते नंतर दत्तोबांनी सांगितलं. घुगे सकाळी सातलाच सायकलवर चुन्याची पिशवी बांधून आले, मागे इंदुबाई डबा घेऊन. मोजणीवाले साडेअकराला आले आणि विचारलं, संस्थेचं कोण आहे? घुगे म्हणाले, “मी सभासद हाय.” दिवसभर त्यांनी साखळी ओढली, दत्तोबांनी हद्दीचे दगड दाखवले, इंदुबाईंनी सगळ्यांना भाकरी वाढली. पूर्वेकडच्या बांधावरून थोडा वाद झाला तो दत्तोबांनीच हातभर मागे सरकून मिटवला. “त्यांची बायको उन्हात उभी होती दिवसभर,” ते म्हणाले. “हातभर जमिनीनं मी काय मरतो?” संध्याकाळी कागदावर सही झाली: वैजनाथ घुगे.

रविवारी सभा भरली. मेहेंदळे फळ्याजवळ छडी घेऊन उभे. चुना कोणी आणायचा, छत्री कोणी धरायची, मोजणी अधिकाऱ्यांना चहा द्यायचा की सरबत, यावर चांगला पाऊण तास चर्चा झाली. एकानं सुचवलं की अधिकाऱ्यांना मधुमेह असू शकतो. त्याची नोंद मी घेतली. मग घुगे उठले.

“साहेब, मोजणी झाली.”

“बसा घुगे, प्रश्न शेवटी.”

“प्रश्न नाही, साहेब. मोजणी झाली. सोमवारी. ही नक्कल.”

मेहेंदळ्यांनी छडी खाली ठेवली, चष्मा काढला, नक्कल हातात घेतली. खरं सांगतो, मला वाटलं आता ते त्यांना मिठी मारतील. त्यांचा चेहरा क्षणभर तसा झाला होता.

“हे कोणाच्या परवानगीनं?”

“तारीख होती, साहेब. म्हणून गेलो.”

“घुगे, आजचा विषय मोजणीच्या दिवसाचे नियोजन हा आहे. झालेली मोजणी विषयपत्रिकेत नाही. आपण विषयाबाहेर बोलत आहात.” त्यांनी नक्कल माझ्याकडे सरकवली. “चिटणीस, पुढच्या सभेत घ्या. आणि घुग्यांकडून लेखी खुलासा मागवा.”

त्यानंतर मोजणीच्या दिवसाचं नियोजन पूर्ण झालं. छत्रीचा ठराव एकमतानं मंजूर झाला. घुग्यांनीही हात वर केला.

खुलाशाचं पत्र मी लिहिलं, पण दिलं नाही. त्याऐवजी बिगरशेतीच्या अर्जावर चिटणीस म्हणून सही केली. नियमाप्रमाणे माझी सही चालत होती. आठ वर्षांत मला ते सुचलं नव्हतं, कारण कोणी सांगितलं नव्हतं. पुढचे दहा महिने घुगे दर मंगळवारी डबा घेऊन कचेरीत जात. साहेब रजेवर असले तर पुढच्या मंगळवारी. फाईल कोणत्या टेबलावर आहे हे त्यांना त्या टेबलावाल्याआधी माहीत असे. “निवृत्त झालोय, वेळच वेळ हाय,” म्हणायचे. डिसेंबरात परवाना आला. चिठ्ठ्या टाकून भूखंड वाटायचे ठरले तेव्हा मेहेंदळ्यांनी चिठ्ठ्यांच्या रंगासाठी उपसमिती नेमली. सभासदांनी समितीची वाट न बघता एकाच्या टोपीत चिठ्ठ्या टाकून उचलल्या. मेहेंदळ्यांनीही उचलली. त्यांना कोपऱ्याचा भूखंड मिळाला.

एप्रिल दोन हजार एकच्या शेवटच्या आठवड्यात घुग्यांच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, दाराला पितळी कुलूप. मेहेंदळे बघायला आले होते. दार आराखड्याप्रमाणे पूर्वेला नव्हतं, रस्त्याकडे होतं. ते बराच वेळ दाराकडे बघत उभे राहिले. इंदुबाई डोक्यावर पदर घेऊन म्हणाल्या, “आत या की साहेब. बाहेरून किती बगता?” ते आत आले, चहा घेतला, आणि आतल्या भिंतीची लांबी पावलांनी मोजली. मग खाली मान घालून चपला घातल्या. मला वाटलं, ओशाळले. माणूस ओळखायला मी नेहमीच चुकतो.

त्या जुलैच्या वार्षिक सभेत मेहेंदळ्यांनी अहवाल वाचला. तोवर जवळच खराडीला काचेच्या इमारती येणार अशी बातमी होती, आमच्या माळाचा भाव विचारायला बिल्डर यायला लागले होते, आणि सभासद खुशीत होते. मेहेंदळ्यांनी चष्मा सावरला. “सांगायला आनंद वाटतो की नऊ वर्षांच्या शिस्तबद्ध नियोजनानुसार मोजणी, बिगरशेती आणि वाटप हे तीन टप्पे पूर्ण झाले असून, पथदर्शी घराचं कामही ठरलेल्या मुदतीत संपलं आहे.”

टाळ्या पडल्या. वरदनं दिलेल्या नव्या तक्त्यात ‘कोणी काय केलं’चा तो रकाना भरलेला होता, हिरव्या शाईनं.

मी वळून बघितलं. घुगे मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवत होते, सगळ्यांत जोरात. सभा संपल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, “घुगे, इतिवृत्त अजून कच्चं आहे. तुमचं नाव घालतो. मोजणी तुम्ही केली, परवाना तुम्ही आणला, घर तर तुमचंच. साहेब चिडले तर चिडले.” हे बोलायला मला बरंच बळ लागलं होतं.

ते सायकलचं कुलूप काढत होते. “नका घालू. साहेबांचा तक्ता पुन्हा रिकामा व्हायचा,” म्हणाले आणि हसले. मग घड्याळात बघितलं. “चार वाजले का? पाण्याचा टँकर येतो चारला. घरी ती एकटीच हाय, पाईप धरायला कोणी नाही.”

आणि टांग टाकून नगर रस्त्याला लागले. मी इतिवृत्त अध्यक्षांनी वाचलं तसंच लिहिलं.